हॉलंडचा खंडोबा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तुमच्या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाला मेलेला काका हाक मारतो... मला एवढ्या आयुष्यात असलं काही दिसलं नाही. माझी सासू अमावस्येला उंबऱ्यावर लिंबू ठेवायची, ते मी सकाळी उचलून गुपचूप सरबत करून प्यायची. मला काही झालं नाही. देवाला हात जोडते, पण देवाने माझ्यासाठी उठून काही करावं अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती.

त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. नुसती एवढ्यासाठीच लाज असती तर लिहून टाकलं असतं केव्हाच.

आमचं सोनाराचं दुकान रिसोडला. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार आणि त्याला पडदा. दुकानात बोललेलं चुलीपाशी ऐकू यायचं आणि चुलीपाशी भांडलेलं दुकानात, म्हणून आम्ही भांडायचो तेही हळू आवाजात. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, सगळं अकोल्यात होतं. नवे पैसे बाजारात आले त्याच्या आगेमागची ही गोष्ट. माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती.

आमच्या यांना एक नाद होता. खेड्यापाड्यांतली माणसं जुनी चांदी मोडायला आणायची – वाळे, तोडे, करदोडे. त्यात कधीमधी एखादा परदेशी रुपया निघायचा, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचा. लमाण बायांच्या दागिन्यांत तर बऱ्याचदा. दुसरा सोनार असता तर तो मुशीत टाकून मोकळा झाला असता. हे तो बाजूला ठेवायचे आणि त्याच्या वजनाची आपल्याजवळची चांदी मुशीत घालायचे. गिऱ्हाइकाला गुंजभर कमी दिलं नाही कधी. नागपूरच्या एका गृहस्थाकडून त्यांनी चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं, ते अक्षर अक्षर लावून वाचायचे. एक सागवानी पेटी करून घेतली होती, आत खण, खणांत कापूस. दोन खांबांचा तो स्पेनचा. जाड गळ्याची बाई ती ऑस्ट्रियाची राणी. उभा सिंह तो हॉलंडचा. दुपारी दुकानात कोणी नसलं की पेटी उघडून बसायचे आणि मला बोलवायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण ते खूश असले की घर शांत असायचं, म्हणून मी बघायची.

एक नाणं त्यांच्याजवळ नव्हतं. पुस्तकात त्याचं चित्र होतं – घोड्यावर बसलेला शिपाई, हातात उगारलेली तलवार, घोड्याच्या पायाखाली लहानशी ढाल. तोही हॉलंडचाच. त्या पानाचा कोपरा यांच्या बोटाने काळा झाला होता.

माझं माहेर रिठद. माझे वडील तिथले सोनार. ते वारल्यावर गावचं काम आपोआप आमच्या दुकानात यायला लागलं. गावची लेक जिथे दिली ते घर आपलं, असं लोक धरून चालायचे. कोणी पावती मागायचं नाही, कोणी समोर बसून काम करून घ्यायचं नाही.

तशीच कासाबुढी आली. हटकरांच्या घरची, आमच्या माहेरच्या गल्लीतली. लहानपणी मी तिच्या ओसरीवर खेळलेली. तिच्या नातवाचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि लग्नाआधी घरचे देव सोनाराकडून उजळून आणायचे ही आमच्याकडची रीत. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर ठशाने उठवलेले. तिने फडक्यात बांधून आणले होते. यांच्यासमोर ठेवले आणि आत माझ्याजवळ चहा प्यायला आली. येणारी नातसून कशी गोरी आहे, तिच्या बापाने किती आढेवेढे घेतले, सगळं सांगून झालं. मग पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "जवाईबापू, खंडोबा तेवढा जपून उजळा बरं. थो लमाणाच्या मिठाच्या गोणीतून आलेला हाय आमच्या घरी. माह्या आजेसासऱ्याले सापडला."

पडद्यापलीकडे हातोडीचा आवाज थांबला होता. मला वाटलं, काम संपलं असेल.

ती गेल्यावर यांनी मला बोलावलं. तळहातावर तिचा खंडोबा होता, हळद धुऊन काढलेला. घोडा, स्वार, उगारलेली तलवार. घोड्याखालची ढाल झिजून गोल झाली होती. कासाबुढी तिला खंडोबाचा कुत्रा म्हणायची. कडेने अक्षरं होती. ती जुनी मोडी आहे, आता वाचणारं कोणी राहिलं नाही, असं ती आम्हा पोरींना सांगायची, आणि आम्ही हात जोडायचो.

"तुमच्या रिठदचा खंडोबा कुठला हाय, माईत हाय का?" हे म्हणाले. "हॉलंडचा."

हसू आलं मला. यांनाही आलं. खोटं कशाला सांगू, आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मी म्हटलं, उजळा आणि देऊन टाका.

"बुढीले देव पाह्यजे न? देवच देतो तिले," हे म्हणाले. "हा तर पैसा हाय."

सासऱ्यांच्या वेळचा खंडोबाचा पितळी ठसा घरात होता. त्यावर यांनी जाड पत्र्याचा नवा टाक काढला. चांदी नाण्यापेक्षा जास्तच भरली, हेही मला तागडीत दाखवलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी हा देव किती वेळा उजळला असेल, त्यांना काय कळलं नसेल हा पैसा आहे म्हणून? तर म्हणाले, कळलं असेल, पण त्यांच्याजवळ पुस्तक कुठे होतं. 

कासाबुढी देव न्यायला आली तेव्हा मी पडद्याआड होते. बाहेर गेले नाही, फटीतून बघत होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचं थोडंच. तिने एकेक टाक अंगठ्याने चाचपला. खंडोबावर अंगठा थांबला.

"याचा घोडा या हाताले तोंड करे," ती म्हणाली. "आता त्या हाताले करून राह्यला."

यांनी सांगितलं, आजी, वर्षानुवर्षांचा मळ निघाला, म्हणून वेगळं लागत असेल हाताला. तिने अंगठा पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाली, "असन बापा. डोये तं गेलेच माहे, आता हातई चालले." आणि शंका घेतली म्हणून तिनेच यांची माफी मागितली. हे मी कानांनी ऐकलं.

आता पुढचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी यांनी पेटी उघडली तर घोडेस्वार पिवळा. बाकीची नाणी जशीच्या तशी. यांनी पुसला. चांदी ठेवली की हवेने पिवळट पडते, पुढे काळी होते, हे सोनाराच्या घरात सगळ्यांना माहीत असतं, तसंच यांनी मला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी बोट लावलं तर बोटाला आलं. वास घेतला. जिभेला लावून पाहिलं. हळद होती. देवाला लावतात तो भंडाराच, ताजा. खालचा कापूस मात्र पांढराशुभ्र.

मला वाटलं, सासूबाईंचं काम. सासूबाईंना वाटलं, माझं. यांना वाटलं, आम्हा दोघींपैकी कोणाचं तरी, आणि संशय जास्त माझ्यावर, कारण देव माझ्या माहेरचा. पेटीला कुलूप लागलं. किल्ली यांनी जानव्याला बांधली. तरी सकाळी नाणं पिवळं. सासूबाई माझ्यावर डोळा ठेवून, मी त्यांच्यावर. मी विहिरीवर गेले तर त्या मागून, त्या देवळात गेल्या तर मी मागून. असं करता करता आम्ही दोघी दिवसभर एकमेकींच्या नजरेसमोर राहायला लागलो, आणि नाणं पिवळं व्हायचं थांबेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "सोनाराच्या घरात चांदी पिवळी होऊन राह्यली, तुले अजून काय पाह्यजे रे?" यांना हसू आलं नाही.

एका सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना यांनी मला बाहेर बोलावलं. गेले. यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचा वास घेतला. लोकांसमोर.

"हे पाहा. हळद," म्हणाले.

मी स्वयंपाक टाकून आले होते. चुलीवर वरण होतं. हळदीचा वास येणार नाही तर कशाचा येईल? पण त्या दोन माणसांसमोर मला एवढंही बोलता आलं नाही. ती माणसं खाली बघत होती. मी आत आले. वरण लागलं होतं, तेच वाढलं सगळ्यांना.

यानंतर मी माहेरी निघून गेले. भांडून नाही, आईची तब्येत बघून येते, असं सांगून. मोटारीने रिठदला उतरले, आईला भेटले, आणि आईनेच सांगितलं की कासाबुढी मला विचारत होती.

गेले तर बुढी कपडे बांधत होती. धनजला लेकीकडे जायचं म्हणाली. मला वाटलं, लग्नानंतर.

"लगनाच्या आदी," ती म्हणाली. "माही सावली नोको पोराच्या लगनावर."

मला काही समजेना. दारात मांडवाच्या मेढी येऊन पडलेल्या, सून गहू निवडत होती, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई गाव सोडून निघालेली. त्यांच्याकडे लग्नाच्या आधी खंडोबाची तळी भरतात, ताटात भंडारा-खोबरं घेऊन ते ताट सगळे मिळून उचलतात. त्या ताटाला पहिला हात बुढीचा. तिने मला हाताला धरून देव्हाऱ्यापाशी नेलं, सुनेला ऐकू जाणार नाही असं बघितलं, आणि सांगितलं.

"देव माहा भंडारा घेऊन नाई राह्यला, शांते. ओल्या टाकाले लावतो, थोड्या वेळानं पाह्यलं तं काईच नाई. खाली सांडत नाई, वाटीत पडत नाई. सून म्हन्ते, बुढीले दिसत नाई, लावतच नसन. मी लावतो वं." मग म्हणाली, "म्या त्याच्यावर शंका घेतली न तुमच्या दुकानात. तवापासून."

मी म्हटलं, माझ्यासमोर लावा.

तिने टाक ओला केला, चिमूटभर भंडारा लावला. दाबून लावला, मग मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून ठेवले. मी बघत होते. घोडा, स्वार, सगळं पिवळं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाहता पाहता उडाला असं मी म्हणणार नाही. सुनेने बाहेरून हाक मारली, चहा घेणार का म्हणून. मी मान वळवून नको म्हटलं. परत पाहिलं तर टाक कोरडा आणि लखलखीत, आत्ता ठशावरून काढल्यासारखा. शेजारच्या भवानीवर, बहिरोबावर भंडारा होता तसाच. ओला.

माझ्या पाठीतून काही थंड वगैरे गेलं नाही. लोक लिहितात तसं काही झालं नाही. मला फक्त एवढं कळलं की ही बाई स्वतःला दोष देत गाव सोडून चालली आहे, आणि कशामुळे ते मला माहीत आहे. तिला मी काहीच सांगू शकले नाही. लग्नापर्यंत जाऊ नका, एवढंच म्हटलं. कारण सांगितलं नाही. ती हो म्हणाली नाही.

त्याच दिवशी मी परत आले. हे दुकानात एकटेच बसले होते, पेटी समोर उघडी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आज दुपारी पुन्हा झाली. माह्या डोयासमोर पेटी होती, मी फक्त पाणी प्यायले उठलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू तं रिठदले होती."

मी बसले आणि तिथे पाहिलेलं सगळं सांगितलं. पडद्याआड सासूबाई ऐकत होत्या. मी वाट बघत होते, हे म्हणतील की तुम्ही बायका मिळून काहीतरी करता. तसं म्हणाले नाहीत. माझे हात बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिठदला गेलो. मोटारीत यांनी मला सांगून ठेवलं – गडबडीत अदलाबदल झाली असं सांगू. मी म्हटलं, सांगा. मला नुसतं ते नाणं त्या घरात गेलेलं पाहिजे होतं.

बुढी ओसरीवर होती, शेजारी गाठोडं. यांनी कागदाची पुडी तिच्या हातात दिली. तिने उलगडली, अंगठा फिरवला, घोड्यावरून, तलवारीवरून, खालच्या कुत्र्यावरून. आणि कडेच्या अक्षरांवरून सावकाश पूर्ण गोल. नव्या टाकाला कडेने अक्षरंच नव्हती, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. घोड्याच्या तोंडाचं तिने बोलून दाखवलं. अक्षरांचं नाही. गावच्या जावयाला चोर म्हणायचं कसं, म्हणून स्वतःचे हात गेले म्हणाली, आणि पुढे तेच खरं धरून चालली.

यांनी ठरवलेलं वाक्य म्हटलंच नाही. यांच्या तोंडून निघालं, "आजी, हा पैसा हाय. हॉलंड म्हणून देश हाय, तिथला पैसा हाय हा."

"असन," बुढी म्हणाली. "मंग?"

सून पदराला हात पुसत बाहेर आली, काय झालं म्हणून. बुढी तिला म्हणाली, "मीच इसरली होती वं खंडोबा दुकानात. दुसराच टाक घेऊन आली बांधून. पाह्य, जवाईबापू घरी आनून देऊन राह्यले, एवढं काम टाकून." आणि यांना म्हणाली, "बसा. चहा घेतल्याबिगर जाऊ देत नाई."

आम्ही बसलो. चहा आला. तिने सुनेकडून लग्नासाठी आणलेल्या सामानातून एक टोपी आणि उपरणं काढून घेतलं, मला खण. गावचा जावई म्हणून यांना टोपी घातली, कुंकू लावलं. हे मान खाली घालून बसले होते, त्यामुळे टोपी घालायला तिला सोपं गेलं. शेजारचे दोघेतिघे येऊन बघून गेले. असा सोनार मिळणार नाही, म्हणाले. नवा टाक तिने फडक्यात बांधून आम्हाला परत दिला.

गाठोडं तिने सोडलं. लग्नात तळीला पहिला हात तिचाच होता. आम्हाला बोलावणं आलं, आम्ही गेलो आणि मागच्या पंगतीत बसलो. तिच्या खंडोबावर भंडारा इतका होता की घोडासुद्धा दिसत नव्हता. आमच्या पेटीत त्यानंतर कधी काही पिवळं झालं नाही. यांनी नाणी जमवणं सोडलं नाही. शेवटपर्यंत जमवली. पण देव उजळायचं काम घेणं बंद केलं. कोणी आणलं तर दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायचे, आणि लोकांना वाटायचं म्हातारपणामुळे. माझ्या हातांचं पुढे कधी बोलले नाहीत. मीही नाही.

हळदीचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पेटीतलं नाणं आमच्या घरातल्या कोणी पिवळं केलं म्हणावं, तर माझ्यासमोर तो टाक कोरा कसा झाला? बुढीच्या घरात कोणी पुसत होतं म्हणावं, तर खोलीत आम्ही दोघीच होतो आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते. चांदीवर हळद धरत नाही म्हणावं, तर शेजारी चांदीच होती. माझी मुलं शिकलेली, त्यांना सांगितलं तर म्हणतात, आई, तुला तसं आठवतं. आठवतं तसंच सांगते आहे मी. दुसरं माझ्याजवळ काही नाही.

दोन वर्षांपूर्वी रिसोडच्या स्टँडवर एक माणूस मला भेटला. चांगला पन्नाशी उलटलेला. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, मी रिठदचा, कासाबुढीच्या त्या नातवाचा मुलगा. त्यांच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात म्हणाला. पणजी देव दुकानात विसरली, आणि इमानदार सोनार गिऱ्हाइकं सोडून घरी आणून देऊन गेला. आता अशी माणसं राहिली नाहीत, म्हणाला. त्याने तिथेच स्टँडवर, सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. सुखी राहा म्हटलं, आणि माझी गाडी लागली तशी जाऊन बसले.